सोलर पॅनेलवरची धूळ: आधी मोजा, मग धुवा

२०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि गल्लोगल्लीच्या गच्च्यांवर पॅनेलं चढली. बसवणारा जाताना एक वाक्य सांगून जातो, "पंधरा दिवसांनी पाणी मारत जा." सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. पाणी कसलं, किती वाजता, पुसायचं कशाने, आणि मुळात पंधराच दिवस का? चंद्रपुरात कोळशाच्या खाणीशेजारी पंधरा दिवस फार होतात. कोकणात श्रावणात कुणी पंधरा दिवसांनी पॅनेलं धूत बसला तर त्याने आषाढाचा पाऊस पाहिलेला नाही, असंच म्हणावं लागेल.

म्हणून आधी आपल्या गच्चीवर धूळ किती वीज खाते ते मोजायचं आणि धुण्याचं वेळापत्रक त्यावरून ठरवायचं. मोजायला फार काही लागत नाही. इन्व्हर्टरचा (पॅनेलांची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राचा) पडदा किंवा त्याचं मोबाइल ॲप आणि कागद-पेन, एवढ्यावर भागतं.

धूळ नेमकं काय करते

काचेवरचा कण थोडा प्रकाश शोषतो आणि थोडा इकडेतिकडे उधळतो. काचेखालच्या, वीज बनवणाऱ्या सेलपर्यंत प्रकाश कमी पोचला की करंट, म्हणजे अँपिअर, त्याच प्रमाणात घटतो. व्होल्टेज मात्र जवळपास तेवढंच राहतं. हे लक्षात ठेवा, पुढे दोष शोधताना याचा फार उपयोग होतो.

कण जितका बारीक, तितका तो वजनाच्या मानाने जास्त प्रकाश अडवतो. रस्त्याच्या मातीचा जाड थर डोळ्यांना भयंकर दिसतो, पण चिमूटभर काजळी त्याहून जास्त नुकसान करून जाते. गांधीनगरच्या आयआयटीत अमेरिकी संशोधकांसोबत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅनेलवरच्या थराचं ९२ टक्के वजन मातीचं निघालं. उरलेला लहानसा वाटा धूर आणि प्रदूषणाच्या कणांचा होता, पण प्रकाश अडवण्यात त्या वाट्याचा हात वजनापेक्षा कितीतरी मोठा होता. त्यामुळे बोटाने रेघ ओढून किंवा पांढरं फडकं फिरवून काढलेला अंदाज हमखास चुकतो. फडकं रंग दाखवतं, युनिट दाखवत नाही.

सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं येतं, धुळीच्या थरातून त्याला लांबचा रस्ता कापावा लागतो आणि तोटा वाढतो. दुपारी १२ ला ७ टक्के तोटा दिसत असेल, तर दिवसभराचा त्याहून थोडा जास्तच धरा.

खरा चिकटपणा येतो तो दवाने. नुसती कोरडी धूळ वाऱ्याने थोडीफार हलते. पण डिसेंबर-जानेवारीत रात्री काच हवेपेक्षा थंड होते, तिच्यावर दव धरतं, धुळीचा चिखल होतो आणि सकाळच्या उन्हात तो वाळून बसतो. असे आठ-दहा थर बसले की वारा तर सोडाच, नुसत्या पाण्याच्या धारेलाही ते दाद देत नाहीत. वैशाखातला वळीव हाही असाच फसवा. चार मोठे थेंब पडतात, धूळ भिजते, वाहून जाण्याइतकं पाणी येत नाही आणि काचेवर चित्त्याच्या अंगावर असतात तसे ठिपके उरतात. अशा शिंतोड्यानंतर "पावसाने धुतलं" म्हणून निर्धास्त राहू नका.

खालचा पट्टा: दिसायला बोटभर, तोट्याला हातभर

सगळ्या काचेवर सारखी पसरलेली धूळ ही त्यातल्या त्यात सभ्य. घात करतो तो पॅनेलच्या खालच्या कडेला साठलेला चिखलाचा पट्टा. ॲल्युमिनियमची फ्रेम काचेपेक्षा जराशी वर असते. उतारावरून आलेलं गढूळ पाणी तिथे अडतं आणि वाळल्यावर साका मागे ठेवतं. उतार १० अंशांपेक्षा कमी असेल, जसा पत्र्याच्या शेडवर बऱ्याचदा असतो, तर हा पट्टा दोन-तीन बोटं रुंद व्हायला एक हिवाळा पुरतो.

पॅनेलमधले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात आणि माळेत सगळ्यात कमी प्रकाश मिळालेला सेल बाकीच्यांचा करंट अडवतो. म्हणून पॅनेलचे साधारण तीन गट करून प्रत्येकाला एक बायपास डायोड दिलेला असतो. एखादा गट फारच अडला की करंट त्याला वळसा घालून जातो. जुनं, पूर्ण सेलचं पॅनेल उभं बसवलं असेल तर सगळ्यात खालच्या ओळीत तिन्ही गटांचे सेल येतात, म्हणजे एकच पट्टा तिन्ही गटांना धरतो. तेच पॅनेल आडवं असेल तर पट्ट्यात एकच गट सापडतो. हल्लीच्या अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा भाग वेगळा जोडलेला असतो. ते उभं असेल तर खालचा भाग अडला तरी वरचा चालू राहतो. आपलं पॅनेल कोणतं ते ओळखायला काचेकडे बघा. मधोमध आडवी पांढरी फट आणि दोन्हीकडे छोटे आयताकृती सेल दिसले तर ते अर्ध्या सेलचं.

थोडक्यात, वेळ कमी असेल तर वरची सगळी काच सोडा आणि फक्त खालची वीतभर कड ओल्या फडक्याने पुसून घ्या. अर्ध्या मेहनतीत बराचसा तोटा भरून निघतो. कायमचा उपाय म्हणजे खालच्या फ्रेमला लावायच्या प्लास्टिकच्या छोट्या क्लिपा. त्या काचेवरचं पाणी फ्रेमवरून खाली ओढून नेतात. फ्रेमची जाडी ३०, ३५ किंवा ४० मिलिमीटर असते, तेवढं मोजूनच क्लिप घ्या. ढिली क्लिप वाऱ्याने उडते, घट्ट क्लिप ठोकून बसवताना काचेची कड टवकते. एका पॅनेलला कोपऱ्यांजवळ एकेक आणि रुंद बाजू खाली असेल तर मध्ये आणखी एक, एवढ्या पुरतात.

मोजायचं कसं

सगळ्यात भरवशाची पद्धत ज्यांच्या इन्व्हर्टरला दोन सारख्या स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळा, आहेत त्यांच्यासाठी. समजा ५४० वॉटची १२ पॅनेलं आहेत, सहा-सहाच्या दोन स्ट्रिंग, दोन्हींचा उतार आणि दिशा एकच. निरभ्र दुपारी पडद्यावर पीव्ही-१ आणि पीव्ही-२ चे, म्हणजे दोन स्ट्रिंगचे, अँपिअर लिहून घ्या. समजा दोन्हीकडे ९.१ आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे फक्त पहिली स्ट्रिंग धुवा आणि दुपारी पुन्हा बघा. पहिली ९.९ आणि दुसरी ९.१ दाखवत असेल, तर फरक ०.८, म्हणजे ९.९ च्या ८ टक्के. हाच तुमचा धुळीचा तोटा. यात ऊन, ढग, तापमान कशाचाच घोळ येत नाही, कारण दोन्ही आकडे एकाच क्षणाचे आहेत.

स्ट्रिंग एकच असेल, जशी ३ किलोवॅटच्या घरगुती संचात बहुधा असते, तर धुण्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसाची तुलना करावी लागते. ती करताना हे सांभाळा:

सूर्य माथ्यावर येतो तेव्हाचा आकडा घ्या. घड्याळातले १२ म्हणजे माध्यान्ह नव्हे. मुंबईत ती सरासरी १२.४० च्या सुमारास होते, नागपुरात १२.१५ च्या. फेब्रुवारीत यात पाव तास मिळवा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाव तास वजा करा.

दोन्ही दिवस आकाश स्वच्छ हवं. ॲपमधला दिवसाचा आलेख घंटेसारखा गुळगुळीत दिसला पाहिजे. करवतीसारखे दाते असतील तर तो दिवस सोडून द्या.

दोन नोंदींमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. महिन्यापूर्वीच्या आकड्याशी तुलना केली तर धुळीऐवजी ऋतूच मोजला जातो. पॅनेलचं तापमान १० अंशांनी वाढलं की मोनो पर्क या नेहमीच्या प्रकारच्या पॅनेलची शक्ती सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. एप्रिलमध्ये कमी झालेली वीज सगळी धुळीच्या खात्यावर टाकू नका.

आणि धुतल्यावर लगेच आकडा बघू नका. ओली काच गार असते, त्यामुळे आकडा थोडा वेळ उगाच फुगतो. पॅनेलं धुऊन देणारे नेमका तोच फोटो काढून पाठवतात.

एक खाच आणखी आहे. पॅनेलांची क्षमता इन्व्हर्टरपेक्षा बरीच जास्त असेल तर थंडीत दुपारी इन्व्हर्टर आपल्या कमाल मर्यादेला अडकतो आणि आलेखाचा माथा सपाट होतो. मग धुण्याआधी आणि धुतल्यानंतर आकडा तोच दिसतो. अशा वेळी सकाळी १० चे आकडे ताडून बघा.

बाजारातला साधा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) पॅनेलचा डीसी करंट मोजत नाही, फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा वेगळा मिळतो. नसेल तर इन्व्हर्टरच्या पडद्यावर विश्वास ठेवा, तुलनेसाठी तेवढी अचूकता पुरे.

किती दिवसांनी धुवायचं

आता आकडा हाती आला. समजा मागच्या धुण्याला २५ दिवस झाले होते आणि तोटा ८ टक्के निघाला, म्हणजे रोज सुमारे ०.३ टक्का. कोरड्या दिवसांत महाराष्ट्रातल्या साध्या वस्तीत रोज पाव ते अर्धा टक्का धरून चालायला हरकत नाही.

३ किलोवॅटचा संच सरासरी दिवसाला १२ युनिट देतो. ०.३ टक्का म्हणजे ०.०३६ युनिट. पहिल्या दिवशी तोटा एवढा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी तिप्पट, असा तो चढत जातो. ८ रुपये युनिट धरलं तर रोजची चढ २९ पैसे. आता एका धुण्याचा खर्च, मजुरी आणि पाणी धरून, १५० रुपये समजा. हिशेब असा: खर्चाची दुप्पट करा, तिला रोजच्या चढीने भागा आणि उत्तराचं वर्गमूळ काढा. ३०० भागिले ०.२९ म्हणजे सुमारे १०३४, त्याचं वर्गमूळ ३२. म्हणजे या घराने ३२ दिवसांनी धुतलं की पुरे. त्याआधी धुतलं तर मजुरी जास्त, उशिरा धुतलं तर वीज जास्त जाते. घरचंच कुणी धुणार असेल आणि खर्च ५० रुपयांवर आला, तर तेच अंतर १८-१९ दिवसांवर येतं.

युनिटचा दर धरताना आपल्या बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा धरा, कारण सोलरने वाचवलेलं युनिट तिथूनच कापलं जातं. उलट ज्यांचं बिल आधीच स्थिर आकारावर आलंय आणि वर्षाअखेर युनिट शिल्लक राहतात, त्यांनी दर पंधरवड्याला पॅनेलं घासून कंबर मोडून घेण्यात फारसा अर्थ नाही. शिल्लक युनिटला मिळणारा भाव फार कमी असतो.

हे गणित सारख्या पसरलेल्या धुळीचं. पक्ष्यांची घाण आणि खालचा पट्टा दिसला की गणिताची वाट बघायची नाही.

ठिकाण आणि हंगाम पाहून अंतर कमी-जास्त करा. साखर कारखान्याच्या वाऱ्याखाली घर असेल तर गळीत हंगामात चिमणीतून उडालेली बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चिपाडाची, काळी राख पॅनेलवर येते. ती हलकी पण काळी, म्हणून कोल्हापूर-सांगलीकडे नोव्हेंबर ते मार्च हा काळ जपायचा. विदर्भ-मराठवाड्यात तुरीची मळणी डिसेंबर-जानेवारीत आणि गहू-हरभऱ्याची फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, मळणी यंत्राचं एक सत्र महिन्याची धूळ एका दुपारी आणून टाकतं. मळणी संपली की धुवा, चालू असताना नको. खडी क्रशर, वीटभट्टी किंवा शेजारी बांधकाम असेल तर अंतर निम्मं करा. आंब्याच्या बागेत मोहोरावर तुडतुडे पडले की त्यांचा चिकट गोड स्राव काचेवर उतरतो, त्यावर धूळ आणि काळी बुरशी बसते. दिवाळीच्या फटाक्यांनंतर एक धुणं ठेवाच. जून ते सप्टेंबर, पाऊस नियमित असेल तर, धुणं विसरा. फक्त ऑगस्टच्या उघडिपीत एकदा कडेला शेवाळ धरलंय का ते पाहून घ्या.

पाणी

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि तेही चांगल्या हेतूने. बोअरचं क्षारयुक्त पाणी काचेवर वाळलं की पांढरे डाग पडतात. धूळ निघते, डाग मात्र प्रत्येक धुण्याबरोबर साठत जातात आणि वर्षा-दोन वर्षांत काच धुरकट होते.

पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजणारी पेनसारखी छोटी मीटर मिळते, ती घ्या. २०० च्या आत असेल तर निश्चिंत वापरा. २०० ते ५०० असेल तर वापरा, पण शेवटी वायपरने पाणी ओढून काच कोरडी करा. ५०० च्या वर असेल तर ते पाणी फक्त पहिल्या भिजवण्यापुरतं, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. नळाचं पाणी बहुतेक शहरांत चालतं. साठवलेलं पावसाचं पाणी आणि एसीतून ठिबकणारं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी पॅनेलला वापरावं, असा सल्ला फिरत असतो. मुळीच वापरू नका. फिल्टरने गाळून बाजूला काढलेले क्षार त्यातच असतात, म्हणजे मूळ पाण्यापेक्षा ते जास्त जड. त्याने फरशी पुसा.

एका पॅनेलला दीड ते दोन लिटर पाणी पुरतं, सहा पॅनेलांना एक बादली. नळी मोकळी सोडून ओतत राहिलं तर शंभर लिटर सहज जातात आणि काच तेवढीच स्वच्छ होते. लातूर-बीडकडे उन्हाळ्यात हा फरक लहान नाही.

साहित्य आणि धुण्याची रीत

मऊ नायलॉनचा, गाडी धुण्याचा असतो तसा लांब दांड्याचा ब्रश, रबरी पट्टीचा वायपर, दोन मायक्रोफायबर फडकी, बादली, आणि असेल तर बॅटरीवरचा पाठीवरचा फवारणी पंप. हा पंप पॅनेल भिजवायला फार सोयीचा, १६ लिटरची टाकी सगळ्या संचाला पुरते. पण तो कोरा किंवा फक्त याच कामाला ठेवलेला हवा. तणनाशक मारलेल्या पंपात अंश राहतो आणि काचेवर पापुद्रा धरतो.

केरसुणी, कोरडं पोतं, तारेची घासणी, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही काचेला लावू नका. धुळीतले वाळूचे कण काचेपेक्षा कठीण असतात, कोरडं घासलं की तेच ओरखडे काढतात. काचेवर प्रकाश परत फिरू नये म्हणून एक लेप असतो, तो केसाच्या जाडीच्या शेकडो पट पातळ आहे. तो एकदा गेला की गेला. गाडी धुण्याची जोरदार प्रेशर गनही नको, तिचं पाणी फ्रेमच्या सीलमधून आत शिरतं.

वेळ सूर्योदयाच्या आधीची किंवा लगेच नंतरची. मे महिन्यात दुपारी काच ६०-७० अंशांपर्यंत तापते. तिच्यावर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. तडकली नाही तरी पाणी सुकून डाग उरतात. हिवाळ्यात पहाटे दव असेल तर ते फुकटचं भिजवणं समजा, लगेच ब्रश फिरवला तर निम्मं पाणी वाचतं.

१. आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच बंद करा, मग डीसी. सुरू करताना उलट क्रम. यामुळे करंट थांबतो, पण उजेड असेपर्यंत वायरींमधलं व्होल्टेज जात नाही. सहा पॅनेलांच्या स्ट्रिंगला जवळपास ३०० व्होल्ट डीसी असतात. पॅनेलखालच्या जोडण्यांना ओल्या हाताने शिवू नका, त्या गच्चीवर लोंबत असतील तर धुण्याआधी बांधून घ्यायला सांगा.

२. सगळ्या काचा नजरेखालून घाला. एखादी तडकलेली असेल, वायरीचं आवरण उंदराने कुरतडलेलं असेल तर त्या पॅनेलवर पाणी टाकूच नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा.

३. वरच्या ओळीपासून भिजवा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. हा थांबण्याचा वेळच सगळ्यात जास्त काम करतो आणि घाईत नेमका तोच गाळला जातो.

४. ब्रश वरून खाली, दाब न देता. प्रत्येक पॅनेलनंतर ब्रश बादलीत झटकून घ्या, नाहीतर पहिल्या पॅनेलची रेती सहाव्यावर घासली जाते.

५. खालच्या कडेला फडक्याचं टोक फ्रेम आणि काचेच्या खाचेत फिरवा. साका तिथेच असतो.

६. स्वच्छ पाणी एकदा वरून सोडा, मग वायपर वरून खाली ओढा आणि खाली जमलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या.

पॅनेलवर पाय देऊ नका, गुडघाही टेकू नका. काच फुटत नाही म्हणून काही झालं नाही असं वाटतं, पण आत सेलला केसासारखे तडे जातात आणि त्यांचा परिणाम वर्षभराने दिसतो. आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर पॅनेलं असतील तर शिडीवर टेकून हात लांब करण्यापेक्षा लांब दांडा वापरा. कठड्याबाहेर वाकावं लागत असेल तर कंबरेला पट्टा आणि दोर बांधूनच. ओली गच्ची, ओली शिडी आणि पहाटेचा अंधुक उजेड हे त्रिकूट धुळीपेक्षा जास्त धोक्याचं आहे. ज्यांचा संच अजून बसायचा आहे त्यांनी करारातच चालायची जाळी आणि वर नळाची एक तोटी लिहून घ्यावी. नंतर हे काम कुणी करून देत नाही.

हट्टी डाग

कबुतरांची विष्ठा ही धूळ नव्हे, तो वेगळाच रोग आहे. एका सेलवर घट्ट डाग बसला की तो सेल वीज देण्याऐवजी बाकीच्यांची वीज गिळतो आणि तापतो. बराच काळ तसाच राहिला तर मागचं आवरण करपतं. ओलं फडकं डागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग पुसून घ्या. सुरीने खरवडू नका. वाळलेली घाण काढताना तोंडावर मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

कारखान्याची किंवा चुलीची तेलकट काजळी नुसत्या पाण्याने पसरते. १० लिटर पाण्यात चमचाभर भांडी धुण्याचा सौम्य द्रव पुरतो, आणि नंतर दुप्पट पाण्याने धुवायचं. साबणाचा अंश राहिला तर धूळ पहिल्यापेक्षा लवकर चिकटते.

सिमेंटची भुकटी पाणी लागलं की घट्ट होते, म्हणून शेजारी बांधकाम चालू असेल तर दवाचे दिवस यायच्या आत ती काढा. क्षारांचे जुने डाग असतील आणि पॅनेलच्या पुस्तिकेत मनाई नसेल, तर एका भागाला दहा भाग पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर फडक्याने फक्त काचेला लावा, मिनिटभरात धुऊन टाका, फ्रेमवर ओघळू देऊ नका. संडास साफ करण्याचं ॲसिड मात्र कदापि नाही. कोकणात फ्रेमच्या कडेने शेवाळ धरतं, ते ओलं असतानाच ब्रशने निघतं. वाळून काचेला चिकटलं की महिनोन् महिने छळतं.

धूळ बसू न देणारे लेप विकणारे बरेच भेटतील. मूळ लेपावर दुसरा लेप चढवल्याने कंपनीची हमी शाबूत राहते का, हे लेखी मागा. बहुतेकांचं बोलणं तिथेच थांबतं.

धुऊनही वीज वाढली नाही तर

आता सुरुवातीची ती करंट आणि व्होल्टेजची गोष्ट कामाला येते. अँपिअर कमी आणि व्होल्ट नेहमीइतकेच असतील तर काचेवर अजून काहीतरी आहे: क्षाराचा पापुद्रा, काजळी किंवा ओरखडे. पण सहा पॅनेलांच्या स्ट्रिंगचे व्होल्ट एकदम १३-१४ नी घसरले असतील, तर एखाद्या पॅनेलचा एक गट बायपास झाला आहे. डाग, झाडाची फांदी, शेजारच्या नव्या टाकीची सावली किंवा खराब झालेला डायोड यांत शोधा. ४० च्या आसपास घसरले असतील तर अख्खं पॅनेलच बाद आहे. यातलं काहीही पाण्याने बरं होत नाही.

खेड्यांत आणखी एक कारण धुळीच्या नावावर खपतं. दुपारी लाइनचं व्होल्टेज फार वर चढलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो आणि काही मिनिटांनी पुन्हा जोडतो. आलेखात भर दुपारी शून्यापर्यंत गेलेल्या खोल खाचा दिसल्या तर ब्रश खाली ठेवा आणि वीज कंपनीकडे तक्रार करा.

शेतातला सोलर पंप

घरच्या संचात ८ टक्के धूळ म्हणजे ८ टक्के युनिट. पंपाचं तसं नाही. प्रकाश कमी पडला की मोटरचा वेग उतरतो, आणि पंपाची पाणी उचलायची उंची वेगाच्या वर्गाने घटते आणि लागणारी शक्ती घनाने. ५० हर्ट्झच्या वेगावर जो पंप पाणी जास्तीत जास्त ५० मीटर चढवू शकतो, तो ४० हर्ट्झवर फक्त ३२ मीटर चढवतो. पाणी ३५ मीटरवर असेल तर मोटर फिरत राहते, आवाज येतो, आणि नळीतून थेंब नाही. धुळीमुळे हेच सकाळी लवकर आणि दुपारनंतर घडतं: पंप अर्धा तास उशिरा पाणी धरतो, अर्धा तास आधी सोडतो. बोअर खोल असेल आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली असेल, तर थोड्या धुळीचा फटका मोठा बसतो. उथळ विहिरीवर तोच थर फारसा जाणवत नाही.

मोजायला २०० लिटरचं पिंप घ्या आणि ते भरायला लागणारे सेकंद मोजा, एकदा सकाळी ९ ला, एकदा माध्यान्ही. त्याच वेळी कंट्रोलरवरचे हर्ट्झ लिहा. दुसऱ्या पहाटे पॅनेलं धुऊन दोन्ही वेळा पुन्हा मोजा. पाण्याची पातळी दोन दिवसांत फार हलत नाही, त्यामुळे तुलना चालते. फरक माध्यान्हीपेक्षा सकाळच्या ९ च्या आकड्यात ठळक दिसेल, आणि धुण्याचं अंतर ठरवायला तोच वापरा.

३ एचपीच्या पंपाला सुमारे ३,००० वॉटची पॅनेलं असतात, एक फवारणी पंप भरून पाणी त्यांना पुरतं. बोअरचं पाणी जड असेल तर शेततळ्यात साठलेलं पावसाचं पाणी निवळून वापरा. पिकावर औषध फवारताना वारा पॅनेलकडे असेल तर ती बाजू दुसऱ्या दिवसावर ठेवा. आणि खळं पॅनेलच्या कोणत्या अंगाला घालायचं हे वारा पाहून ठरवा, भुसा उडून जाईल त्या दिशेला पॅनेलं नकोत.